नागपूरला चोरून जाताना

नागपूरवर आमच्या भाऊजींइतका जीव टाकणारा आणि नागपूरला आमच्या भाऊजींइतका टरकून असणारा माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बालाघाटच्या सिंचाई खात्यात ते नकाशे काढत. कालवा कुठून वळवायचा, पाट कुठे फोडायचा, कुठल्या गावाचं शिवार पाण्याखाली जाणार, हे सगळं त्यांच्या पेन्सिलीच्या टोकावर असे, आणि ती पेन्सिल त्यांच्या उजव्या कानावर. ती तिथून कधी उतरत नसे. ताई शपथेवर सांगते की लग्नाच्या फोटोत मुंडावळ्यांच्या मागे नीट पाहिलं तर पेन्सिल दिसते. मी पाहिलं आहे. दिसते.

ते चिक्कू होते असं बाहेरचे म्हणत. ते खोटं आहे. चिक्कू माणूस खर्च टाळतो, भाऊजी खर्चाची मुलाखत घेत. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत टरबुजांचे ढीग लागत, तिथे ते उकिडवे बसून एकेका टरबुजाला टिचकी मारत, कान लावत, डोळे मिटत, मग मान हलवून दुसरं जवळ ओढत. एकदा विकणारा बराच वेळ हे पाहत राहिला आणि शेवटी म्हणाला, "बाबूजी, तरबूज लेना है कि इलाज करना है?" भाऊजींनी डोळे न उघडताच उत्तर दिलं, "पहले जाँच, फिर इलाज." छोट्या लाईनच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या, गाडीत बसण्याआधी ऊन कुठल्या बाजूला येणार याचा ते अभ्यास करत आणि तो फुकट वाटतही. एकदा त्यांच्या सांगण्यावरून अर्धा डबा बोचकी-बाचकी घेऊन डावीकडून उजवीकडे सरकला. पुढे गाडीनं वळण घेतलं, ऊनही उजवीकडे आलं, आणि गोंदिया येईपर्यंत भाऊजी खिडकीबाहेर अत्यंत एकाग्रतेनं भाताची शेतं मोजण्याचं सोंग करत राहिले.

तर अशा माणसाच्या मनात दर हिवाळ्यात एकच गोष्ट उठे. "यंदा पोट्ट्याइले शहर दाखवू." शहर म्हणजे नागपूर. आमची राजधानी भोपाळ, पण ती कागदावर. आम्हा बालाघाटच्या मराठी घरांचे चष्मे नागपूरचे, शालू नागपूरचे, मोठ्या तपासण्या नागपूरच्या आणि सुनाही बऱ्याचशा नागपूरच्याच. तेव्हा त्यांची पिंकी पाचवीत होती, बंटी दुसरीत. नागपुरात एका दुकानात सरकता जिना आला आहे ही बातमी शाळेत पोचल्यापासून बंटीचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. भाऊजींना काळजी ही, की बालाघाटचं पोर त्या जिन्यावर घाबरून मटकन बसलं तर गावाची काय इज्जत राहील? म्हणून त्यांनी तालीम ठेवली. ओळखीच्या राइस मिलच्या फरशीवर रिकामं पोतं अंथरलं, त्यावर बंटीला ताठ उभं केलं, आणि दोन हमालांना ते पोतं हळूहळू ओढायला सांगितलं. भाऊजी बाजूनं चालत ओरडत होते, "उजवा पाय पुढं! खाली नोको पाहू! उतर, आता उतर!" चौथ्या खेपेला बंटी रेल्वेच्या गार्डासारखा एक हात वर करून उतरू लागला. मग हमाल म्हणाले, आता आम्हालाही बसवा. दुपारभर मिलमध्ये तेच चाललं. मालक आला, त्यानं पाहिलं, आणि चपला काढून तोही पोत्यावर उभा राहिला.

पण खरी अडचण जिन्याची नव्हती. अडचण होती नातेवाइकांची.

नागपुरात भाऊजींचे नातेवाईक पेठ-पेठ भरून होते, आणि ज्या गावात आपलं माणूस आहे त्या गावात पैसे देऊन लॉजमध्ये उतरणं म्हणजे आमच्यात नातं फाडून हातात देण्यासारखं. भाऊजींचे एक काका कोर्टाच्या कामासाठी एकदा लॉजवर उतरले, तर त्यांच्या सख्ख्या बहिणीनं पुढे कितीतरी वर्षं राखी पोस्टानं पाठवली, तीही बेअरिंग, म्हणजे तिकिटाचे पैसे घेणाऱ्यानंच भरायचे. बरं, नातेवाइकांकडे उतरावं तर ते जीव ओतून पाहुणचार करणार. एकाकडे गेलं की बाकीच्यांकडेही जायचं, प्रत्येक घरी चिवडा, प्रत्येक घरी "थांबा, चहा टाकते", आणि सगळं नागपूर दिवाणखान्यातल्या शोकेसपाशीच संपणार. आणि सून म्हटल्यावर ताईनं पदर खोचून आत जायचं. बायका नको नको म्हणत, पण पोळपाट पुढे सरकवत. तिच्या लग्नाला तेव्हा चौदा-पंधरा वर्षं झाली होती, नागपूरच्या खेपा मोजता येणार नाहीत इतक्या झाल्या होत्या. एकदा ती मला म्हणाली होती, "नागपूर कसं हाये विचारशील तर मी सांगतो तुले. कणकेचा डबा डावीकडे, पोळपाट उजवीकडे." ताईचं मागणं एकच होतं. जिना नको, बाग नको, साडी नको. एक सकाळ अशी हवी की डोळा उघडायची घाई नाही. तिनं हे एकदाच, हसत हसत सांगितलं. भाऊजींनी तेव्हा फक्त कानावरची पेन्सिल चाचपली, म्हणजे गोष्ट मंजूर झाली.

त्या जानेवारीत त्यांनी मला घरी बोलावलं, दार लावलं, आणि टेबलावर एक मोठा कागद उलगडला. नागपूरचा नकाशा. त्यावर निळ्या पेन्सिलीनं लहानमोठे गोल काढलेले.

"हे काय, तलाव?" मी विचारलं.

"डूब क्षेत्र," भाऊजी म्हणाले.

धरण बांधलं की जो मुलूख पाण्याखाली जातो त्याला त्यांच्या खात्यात डूब क्षेत्र म्हणतात. प्रत्येक निळ्या गोलाच्या मध्यावर एक नातेवाईक होता, आणि त्याचं पाणी कुठवर चढतं त्याचा तो गोल. "हे पाहा साळेबुवा, धरमपेठेत आत्या. तिचे गुडघे दुखतात, तिचं पाणी भाजीबाजाराच्या वर चढत नाही. महाल भागातल्या चुलतभावाचा गोल छोटा होता, पण दिवाळीले त्यानं स्कूटर घेतली. आता पाहा, पार इथवर पूर आला." मग त्यांनी बोट सीताबर्डीवर टेकवलं. तिथं सगळी दुकानं. आपलं कोणी राहत नाही. "कोरडी जमीन. इथं लॉज. स्वस्त हाये, गादी चांगली हाये, मी पोस्टकार्ड टाकून विचारलं." माझी नेमणूक टेहळ्या म्हणून झाली. मी पन्नासेक पावलं पुढे चालायचं, नात्यातलं तोंड दिसलं की रुमालानं घाम पुसायचा. जानेवारीत.

सव्वीस जानेवारीला जोडून रविवार आला होता. कॉलनीत सांगितलं की खैरलांजीकडे एका नातलगाकडे बारसं आहे. यानं एक घोळ झाला. शेजारच्या वहिनींनी प्रेमानं न जन्मलेल्या बाळासाठी झबलं-टोपडं आणून दिलं, आणि ते आम्हाला नागपूरला न्यावं लागलं. परत आल्यावर बाळाबद्दल विचारपूस झाली तेव्हा पिंकीनं मुलगी सांगितली, बंटीनं मुलगा. कॉलनीनं आपल्या मनानं जुळं ठरवून टाकलं, आणि वहिनी म्हणाल्या, अगंबाई, मग दुसरं झबलं द्यायला हवं.

झेंडावंदन झालं, शाळेत मिळालेली बुंदी डब्यात घेतली, तिखटमिठाच्या पुऱ्या होत्याच. छोट्या गाडीनं गोंदिया, तिथून मोठ्या गाडीनं नागपूर. स्टेशनबाहेर पडलो तेव्हा दिवेलागण होत होती. भाऊजींनी रिक्षा नाकारली, कारण रिक्षावाला हमरस्त्यानं नेतो आणि हमरस्ता म्हणजे उघडं पाणी. आम्ही बोळाबोळांनी निघालो. पुढे मी, मागे बॅगा घेतलेलं कुटुंब. पहिल्याच वळणावर माझे पाय थांबले.

रस्ता बायकांनी भरून वाहत होता. पैठण्या, शालू, गजरे, हातात पिशव्या, पिशव्यांत वाणं. संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमी यायची होती, म्हणजे हळदीकुंकवाचे दिवस भर रंगात! भाऊजींनी हिशेबात गुडघे धरले होते, स्कूटर धरली होती, भाजीबाजाराची वेळ धरली होती. पण या दिवसांत महालातली बाई सीताबर्डीवर जाते, बर्डीची धरमपेठेत जाते, आणि कुठल्याही बाईचं पाणी कुठेही चढतं, हे सिंचाई खात्याच्या लक्षात आलं नव्हतं. सगळी धरणं एका संध्याकाळी फुटली होती. मला तर दर तिसरी बाई नात्यातली वाटू लागली. मी सारखा घाम पुसत होतो, आणि मी पुसला की मागे चौघं जण जे समोर येईल त्या दुकानात घुसत. अशानं ते एका चपलांच्या दुकानात, एका पंक्चरच्या दुकानात आणि एका दातांच्या दवाखान्यात जाऊन आले. दवाखान्यात बंटीला खुर्चीवर बसवलंही होतं.

लॉजची पाटी दिसू लागली, मी हुश्श करून रुमाल खिशात ठेवला, आणि एका कापडदुकानाच्या जिन्यावरून चार बायका उतरल्या. दोन पावलं पुढे जाऊन मी मागे वळून पाहिलं. भाऊजी, ताई, पिंकी, बंटी, सगळे रस्त्याकडे पाठ करून एका भिंतीला नाक लावून उभे होते. भिंतीवर मूळव्याधीच्या औषधाची जाहिरात होती. चौघंही ती मन लावून वाचत होते.

"अवं माय," मागून आवाज आला, "ही पाठ तं आमच्या घरची दिसून राह्यली."

धरमपेठची आत्या. गुडघे, जरीकाठ, नथ, सगळ्यासकट.

भाऊजी भिंतीशी बोलल्यासारखे म्हणाले, "आप मुझे कोई और समझ रही हैं."

"असं काय? अन् कानावर पेन्सिल कोणाची हाये? फिर इकडं!"

भाऊजी फिरले. आत्यानं बॅगा पाहिल्या, पोरं पाहिली. "काहून रे, कुठी उतरून राह्यले तुमी?" भाऊजींनी तोंड उघडलं. तेवढ्यात बंटी आनंदानं म्हणाला, "लॉजमधे! पण कोणाला सांगायचं नाही."

आत्याच्या मागे तिच्या तीन मैत्रिणी उभ्या होत्या. त्यांच्यासमोर हे झालं. "लॉजमधे?" आत्याचा आवाज चढला. "मी जित्ती असताना? माह्या घराले काय आग लागली होती? बाप नव्हता तुले तं कॉलेजात असताना कोणाच्या घरी राह्यला तू? उचल त्या बॅगा. सूनबाई, चल वं. सकाळी वांग्याची भाजी करू दोघी मिळून, तुह्या हातची पोळी खाल्ल्याले बी वर्ष झालं."

ताईनं मुकाट्यानं बॅग उचलली. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं, आणि तेच पाहवेना. तीस पावलांवर लॉजची पाटी लुकलुकत होती. मला वाटलं, संपलं.

भाऊजी जागचे हलले नाहीत. इतकी वर्षं मी त्यांना ओळखतो, पण काही पेन्सिलीनं काढल्याशिवाय ते सरळ बोलले असं तेव्हाच पाहिलं. "आत्या," ते म्हणाले, "तुह्या घरी येतो मी. तू जेऊ घालतं, गादी देतं, जाताना पोट्ट्याइच्या हातावर खाऊ ठेवतं. पण अंधार असते तेव्हाच तुह्या बांगड्या वाजतात सैपाकघरात. अन् त्या वाजल्या का ही उठते. दरवेळी. मले हिले एक सकाळ झोपू द्याची हाये. बस. तेवढ्यासाठी आलो मी नागपूरले."

रस्त्यावर एवढी गर्दी, पण आमच्या भोवती गोल रिकामा झाल्यासारखं वाटलं. ताई जमिनीकडे पाहत होती. आत्यानं आपल्या हातातल्या बांगड्या मनगटावर थोड्या मागे सारल्या. मग पिशवीतून कुयरी काढली, ताईची हनुवटी वर केली आणि तिथेच फुटपाथवर तिला हळदीकुंकू लावलं. त्याच पिशवीतून, म्हणजे लोकांनी तिला दिलेल्या वाणांतून, एक चहाची गाळणी काढून ताईच्या हातावर ठेवली. क्षणभर त्या गाळणीकडे पाहिलं आणि परत घेतली. "हे नोको. हे सैपाकाचं हाये." मग चिमटा निघाला, तोही परत गेला. उलथनं निघालं. "मेल्या बायका दुसरं काही देतच नाहीत!" शेवटी तळाशी एक आरसा-कंगवा सापडला, तो दिला.

आम्ही निघणार, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "काय रे, तिथं आणखी एका माणसाची जागा होते का?"

"कोणाची?"

"माही."

तिच्या मैत्रिणींनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती फौजेत भरती होऊन राहिली आहे. कोपऱ्यावरच्या पीसीओतून तिनं घरी फोन लावला. "आज येत नाही मी... काहून म्हणजे? नाही येत म्हणून... दूध आलं का तापवून घ्या. कशात म्हणजे? ज्याच्यात रोज तापते त्याच्यात!" आणि फोन ठेवला. काऊंटरवरच्या माणसाला वाटलं लाईन कटली, तो पुन्हा जोडून द्यायला निघाला, त्याच्या हातावर तिनं चापट मारली.

खोलीत दोन खाटा. भाऊजींनी मॅनेजरशी जोर लावून फुकटात एक जादा गादी मिळवली. ताईनं आपली खाट आत्याला देऊ केली, पण आत्या म्हणाली, मले गादीच बरी, गुडघ्याले सोपी. ती खाली, पोरं एका खाटेवर, ताई एकीवर. मी आणि भाऊजी बाहेर गॅलरीत सतरंजीवर.

सकाळी मी उठलो तेव्हा भाऊजी दाराशी पहारा देत होते. पेपरवाल्याला त्यांनी जिन्यातच अडवलं होतं. कपबशा वाजवत येणाऱ्या वेटरला ट्रे छातीशी धरून उभं केलं होतं, आणि तोही बिचारा श्वास रोखून उभा होता. कठड्यावर कबुतरं घुमत होती, त्यांना भाऊजी हात जोडून "शूः, शूः" करत होते. पोरांना त्यांनी उचलूनच बाहेर आणलं होतं. ती जिन्यावर बसून कानात बोलत होती. ऊन चांगलं वर आलं, खाली दुकानांची शटरं उघडू लागली, तेव्हा आम्ही दार जरा लोटलं.

ताई झोपली होती. तोंड किंचित उघडं, एक हात खाटेबाहेर, पायांवर ऊन. मी तिचा भाऊ, पण लहानपणानंतर तिला झोपलेली मी तेव्हाच पाहिली. खाली गादीवर आत्या उताणी, डोळे टक्क उघडे, छताकडे लागलेले.

"आत्या, झोप नाही आली काय?" भाऊजी कुजबुजले.

"झोप तं केव्हाचीच उघडली," ती तितक्याच हळू म्हणाली. "पण मी उठून नाही राह्यली."

त्या दिवशी आत्यानंच आम्हाला नागपूर दाखवलं. महाराजबागेत ती स्वतः कितीतरी वर्षांनी गेली होती आणि माकडांसमोरून हलायला तयार नव्हती. सरकत्या जिन्यापाशी ती थबकली, तेव्हा बंटीनं तिचं बोट धरलं आणि अधिकारवाणीनं सांगितलं, "आजी, उजवा पाय पुढं, खाली नाही पाहायचं." दोघं वर गेली, खाली आली, आणि पुन्हा रांगेत उभी राहिली. भाऊजींनी मात्र पाऊल ठेवलं आणि दोन्ही हातांनी कठडा धरून मटकन बसले. संध्याकाळच्या गाडीला ती पोचवायला आली. नात्यात कोणाला तिनं ही गोष्ट मरेपर्यंत सांगितली नाही.

ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिचं गोडजेवण आटोपून मी आणि भाऊजी ऑटोनं स्टेशनकडे येत होतो. बर्डीवर ऑटो अडकला. लॉज होता तिथं काचेची मोठी दुकानं झाली होती. भाऊजींनी तिकडे पाहिलं.

"दोन खोल्या घ्यायले पायजे होत्या रे," ते म्हणाले. "खाली झोपवलं आपण तिले."

मी म्हटलं, "तिलाच गादी हवी होती, भाऊजी. गुडघ्यांसाठी."

"हौ," ते म्हणाले. "ती तं तसं म्हणनच."